गोळ्या थुंकणारा हिरो

दिवेआगरात वेडा ठरायला फारसं काही करावं लागत नाही. आमच्या एका शेजाऱ्याने आईचा तेरावा घातला नाही, त्या पैशांत विहिरीतला गाळ काढून घेतला. झाला वेडा! माणूस ठणठणीत, फक्त भटजीला न जुमानणारा. माझा चुलतभाऊ मात्र खरोखर आजारी होता. वाडीतून कुणी हाका मारतंय म्हणून मध्यरात्री पोफळींत जाऊन उभा राहायचा. त्याला वेडा म्हणायला कुणी धजावलं नाही. 'बाहेरचं' आहे म्हणाले, आणि अंगारे-धुपाऱ्यांत दोन वर्षं गेली.

2019मध्ये डॉक्टरांनी शॉकचा विषय काढला तसे काका खुर्चीवरून उठलेच. "पिक्चरमध्ये बघितलंय मी. माणसाचा ओंडका करतात." कुठला पिक्चर, ते त्यांना आठवेना.

1975चा 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' मीही पाहिलाय, जॅक निकल्सनवर फिदाही झालोय. त्यात शिक्षा म्हणून शॉक देतात, तेही जागेपणी. शेवटी मेंदूच कापतात. पण तो मॅकमर्फी आजारी कुठे आहे? तुरुंगातली मजुरी चुकवायला वेडाचं सोंग घेऊन आलेला कैदी तो. आमच्या विहीरवाल्याचाच भाऊबंद! त्याचं बंड खरं, तिथली दहशतही खोटी नव्हे. पण त्याने गोळ्या टाळल्या की आपण टाळ्या वाजवतो, आणि घरातल्या आजाऱ्याच्या गोळ्यांकडेही त्याच नजरेने बघायला लागतो. भूल न देता शॉक द्यायला आपल्याकडे 2017च्या कायद्याने बंदी आहे, हे काकांना डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. पिक्चरपुढे डॉक्टरांचं काय चालणार?

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांचा 2004चा 'देवराई' काकांनी आधी पाहिला असता तर, असं मला राहून राहून वाटतं. अतुल कुलकर्णीचा शेष आमच्यासारखाच कोकणातला, झाडांत जीव गुंतलेला, स्किझोफ्रेनिया झालेला. तो व्यवस्थेशी लढणारा वीर नाही आणि त्याला छळणारी खाष्ट नर्सही नाही. मला त्यातली बहीणच जास्त लक्षात राहिली. दमलेली.

शॉक राहिले ते राहिलेच, भाऊ गोळ्यांवर सावरला. वेळ मात्र फार गेला. 3 जून 2020च्या 'निसर्ग' वादळात पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा नवी रोपं त्यानेच लावली. अजून वाडीतच असतो. चहाला हाक मारली की लगेच येत नाही. आधी वळून माझ्या तोंडाकडे बघतो, मीच मारली ना याची खात्री करून घेतो. मग हात धुतो.