डब्यातला भात आधी तोला

रत्नागिरीत नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या अनेकांचं जेवण डब्यावर चालतं आणि हल्ली त्यांच्या मोबाइलमध्ये उष्मांक मोजणारं ॲपही असतं. त्यात ‘एक वाटी आमटी’ अशी नोंद करणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. वाटी केवढी, वाटणात ओलं खोबरं किती, फोडणीला तेल किती, हे जेवणाऱ्याला ठाऊकच नसतं. एक ग्रॅम तेलात ९ किलोकॅलरी. वाट्याला एक मोठा चमचा जास्त आला तरी हिशेब शंभराहून अधिकने चुकतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार दहा किंवा अधिक शाखांच्या उपाहारगृहांना मेन्यूवर उष्मांक छापावे लागतात. घरगुती डबा देणाऱ्या बाईंवर हे बंधन नाही आणि नसावंच. प्रयोगशाळेचा खर्च त्यांनी कुठून करावा? पण शिजलेला भात तोलायला साधा वजनकाटा पुरतो. महिन्याच्या तेलाला डब्यांच्या संख्येनं भागलं की माणशी तेलही कळतं. एवढे दोन आकडे ग्राहकाला सांगितले तरी पुष्कळ झालं.

घरच्यासारख्या जेवणाला कसली मोजमापं, असं कुणी म्हणेल. मात्र घरी हात आखडता घेता येतो. डब्यात आलेला भात टाकवत नाही म्हणून संपवला जातो. मिरकरवाड्यात जाळी ओढणाऱ्याची भूक आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याची भूक एक नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणूनच एकच माप सर्वांवर लादू नये. अर्ध्या भाताचा डबा थोड्या कमी दरात द्यावा. पैसे वाचत असतील, तर लोक तो मागतीलही.