ज्या कामाची कुणी वाट पाहतं

साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३० मध्ये राजीनामा देऊन स्वातंत्र्यलढ्यात उतरले. उणीपुरी सहा वर्षं. त्या काळात वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत. गावात या दैनिकाची आठवण निघते ती बहुतेक वेळा गुरुजींच्या मायाळूपणाचा दाखला म्हणून. पदवीच्या वर्गात बसून नोकरीची काळजी करणाऱ्या आम्हा मुलांनी मात्र त्याकडे आणखी एका कारणासाठी पाहायला हवं. त्या लेखनाला गुण नव्हते, ते तपासायला कुणी वरचा अधिकारी येणार नव्हता. पण वाचणारी मुलं शेजारच्याच खोल्यांत राहत होती. शाळा-कॉलेजात आपण केलेल्या कामाची कुणीतरी खरोखर वाट पाहत असेल, तरच ते काम आपल्याला पुढच्या आयुष्यासाठी तयार करतं, असं माझं ठाम मत आहे. आणि पहिलीपासून पदवीपर्यंतच्या पंधरा वर्षांत असं काम आमच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही.

काम करत शिकावं, हे आपल्याकडे कुणी सांगितलं नाही असं नाही. १९३७ साली वर्ध्याला नई तालीमची मांडणी झाली. कोठारी आयोगानं १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं समाजोपयोगी उत्पादक कामाचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले, आणि त्याच धोरणामुळे आता कॉलेजच्या अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं आहे: चार श्रेयांक, म्हणजे साधारण १२० तासांचं प्रत्यक्ष काम. सूचना चांगल्याच होत्या. पण काम शाळेत आलं ते विषय होऊन, आणि विषय झाला की त्याची वही होते. बारावीपर्यंतच्या कुठल्याही विद्यार्थ्याची प्रकल्पवही उघडून पाहा. पहिल्या पानावर प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निरीक्षणं, निष्कर्ष. समास लाल शाईनं आखलेले, मधोमध स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रं चिकटवलेली. नदीच्या प्रदूषणावर वीस पानं लिहिणारा मुलगा बोरीच्या पात्रापर्यंत गेलेला नसतो; मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीतलं उतरवून त्यानं फक्त नाव आणि हजेरी क्रमांक बदललेला असतो. त्याला आळशी म्हणणं अन्याय होईल. तोंडी परीक्षा संपली की ती वही कुणीही उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वाचणाराच नसेल तर मजकूर खरा असायचं कारण काय?

कॉलेजातल्या १२० तासांचं हेच होऊ घातलं आहे. ओळखीच्या दुकानाचा किंवा पतपेढीचा शिक्का, हजेरीचा तक्ता, वीस पानी अहवाल, की श्रेयांक जमा. खरं तर तालुक्याच्या गावात करण्याजोगं काम भरपूर आहे. बाजार समितीत दादर, मका, हरभरा यांचे लिलाव होतात. वाणिज्य शाखेच्या दोन विद्यार्थ्यांनी रोज संध्याकाळी आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त, सरासरी भाव नोंदवून त्यांचा आठवड्याचा तक्ता गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवला, तर माल उद्या आणावा की चार दिवस थांबावं, हे ठरवायला तो उपयोगी पडेल. आणि एखाद्या दिवशी आकडा चुकला तर त्यांना फोन येईल. तो फोन कुठल्याही अंतर्गत मूल्यमापनापेक्षा जास्त शिकवील. भूगोलाच्या मुलांना एखाद्या गावातल्या विहिरींची पाणीपातळी महिन्यागणिक मोजून ग्रामपंचायतीला देता येईल. मराठीच्या मुलांना वाचनालयातली जुनी, फाटत चाललेली पुस्तकं नोंदवता येतील, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अहिराणी ओव्या आणि म्हणी लिहून घेता येतील. यातल्या एकाही कामाला कारखाना लागत नाही. काम सांगणारा एक जबाबदार माणूस आणि ते वापरणारी चार माणसं, एवढंच लागतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो अभ्यासिकांमधून, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. इथं खासगी नोकरीत पगार तुटपुंजा, कायमपणाची खात्री नाही; मग मुलांनी स्पर्धा परीक्षेवर सगळी ताकद लावायची की पाणीपातळी मोजत फिरायचं? घरची शेती कोरडवाहू असताना सरकारी नोकरीची ओढ वाटणं पूर्णपणे शहाणपणाचं आहे, त्याबद्दल मुलांना बोल लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित अभ्यासानं बदलत नाही. खुल्या प्रवर्गालाही राज्यसेवेसाठी वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत बसता येतं; बाकी काहीच न येता माणूस तिथवर पोहोचला तर त्याच्या हातात काय उरतं? शिवाय २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. शेतमालाच्या बाजारव्यवस्थेवर ज्यानं नुसत्या नोट्स वाचल्या तो, आणि ज्यानं दोन महिने लिलाव पाहून आकडे लिहिले तो, या दोघांची उत्तरपत्रिका सारखी असणार नाही. १२० तास म्हणजे रोजचे तीन तास धरले तर चाळीस दिवस. तेवढ्यानं कुणाची तयारी बुडत नाही.

दुसरा आक्षेप: अमळनेरमध्ये उरलंय काय, पोरांनी सरळ पुण्याची गाडी धरावी. प्रताप मिलचा भोंगा बंद झाला, हे खरंच आहे, आणि ज्याला जायचं त्यानं जावंही. मात्र याच गावात १९४५ च्या डिसेंबरमध्ये वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी सुरू झाली. १९६६ मध्ये वडील वारले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परतले आणि त्यांनी ती हाती घेतली. पुढं तीच कंपनी विप्रो या नावानं संगणकाच्या धंद्यात गेली. अशी संधी प्रत्येकाला मिळते, असं सुचवायचं नाही. वारशानं कंपनी किती जणांना मिळते? सांगायचं ते इतकंच की १९६६ मध्ये कुठल्याही समुपदेशकाला त्या तरुणाच्या पुढच्या वीस वर्षांतल्या व्यवसायाचा अंदाज बांधता आला नसता. मग दहावीच्या निकालादिवशी पंधरा वर्षांच्या मुलीकडून आयुष्यभराचं उत्तर मागण्यात काय अर्थ आहे? हिशोब चोख ठेवणं, दिलेल्या वेळी काम पुरं करणं, अनोळखी माणसाशी नीट बोलणं, पाहिलेलं स्पष्ट लिहिणं, या गोष्टी तिला आल्या तर शाखा कोणतीही असो, पुढं वळता येतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप तिसरा आहे: प्रशिक्षणाच्या नावाखाली पोरांना फुकट राबवून घेतील. घेतातच. झेरॉक्स काढ, चहा सांग, हेच ‘काम’ वाट्याला येणारे विद्यार्थी कमी नाहीत. आणि ज्याच्या घरी संध्याकाळी गायी-म्हशी वाट पाहतात किंवा जो दुकानात अर्धवेळ कामाला जातो, त्याला बिनपगारी तास परवडत नाहीत. राज्य सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय व पदविकाधारकाला आठ हजार आणि पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन ठरवलं. मुदत संपल्यावर आमचं काय, हा प्रश्न त्या प्रशिक्षणार्थींना आंदोलन करून विचारावा लागला, हा त्या योजनेतला मोठा दोष. तरी शिकाऊ माणसाच्या वेळेला किंमत असते हे तिनं मान्य केलं आणि तो दर मोजमाप म्हणून वापरता येईल. काम काय, ते कुणासाठी, रोज किती तास आणि मोबदला किती, हे आधी कागदावर यावं. जिथं ते लिहून मिळत नाही, तिथं कॉलेजनं विद्यार्थी पाठवू नयेत.

नवं सत्र जूनमध्ये सुरू होईल. बाजार समिती, नगरपरिषद, वाचनालयं, ग्रामपंचायती, पतपेढ्या आणि गावातले वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांना विनंती अशी की आपल्याकडे खरोखर अडून राहिलेली दोन-दोन कामं त्याआधी लिहून कॉलेजकडे द्या. प्राध्यापकांना विनंती एवढीच, की अहवालावर सही करण्यापूर्वी ज्याच्यासाठी काम झालं त्या माणसाला एक फोन करा आणि ते उपयोगी पडलं का, हे विचारा.