धांड्याची गाडी शाळेच्या दाराबाहेर



ज्वारी निघाली की आपली पोरे धांड्याची बैलगाडी करतात. चाक डगमगले की सोडतात, आस बदलतात, पुन्हा जोडतात. हे त्यांना कुणी शिकवत नाही. तीच पोरे शाळेत फळ्यावरचे निमूट उतरवून घेतात. गाडी दाराबाहेर राहते.

मी शेतकीचा पदवीधर. डवऱ्याची सुबक आकृती काढून गुण मिळवले. ओल्या काळ्या जमिनीत त्याच्या पासेला माती का चिकटते, हे कुणी विचारले नाही; मलाही सुचले नाही. असे शिकलो, म्हणूनच आज बियाणे, औषध, अवजार सारे दुसऱ्याच्या डोक्यातून येते आणि त्याच्याच भावाने घ्यावे लागते.

याच वर्ध्यात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ ला शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण हा गांधीजींचा विचार. डॉ. झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, आर्यनायकम पतिपत्नींनी तो सेवाग्रामात राबवला. मुलांच्या मालातून शाळेचा खर्च निघावा, ही त्यातली अपेक्षा मला मान्य नाही. शेतकऱ्याच्या पोराने सूत कातावे आणि शहरातल्याने डॉक्टर व्हावे, ही वाटणी आपण का पत्करावी? पण टकळीवरचा धागा का तुटला हे पोराने स्वतः शोधणे, ही मजुरी नव्हे. विज्ञान तिथूनच सुरू होते. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ पासून हातातून शिकण्याची ही वाट चालते आहे.

आपल्याकडे प्रश्नांना तोटा नाही. कापूस वेचताना ओटीच्या ओझ्याने बाईची कंबर धरते. चौथीच्या वर्गाला विचारा, आईचे ओझे कसे हलके होईल? जुने लुगडे, सुतळी, सुई द्या. पहिली पिशवी फाटेल. फाटू द्या. कुठे आणि का फाटली, ते वहीत लिहू द्या. दुसरी शिवली की निकाल वेचणाऱ्या आईने द्यावा, गुरुजींनी नव्हे.

शाळा व्यवस्थापन समितीत आपलीच माणसे आहेत. आठवड्याचा एक तास यासाठी मागा. आणि तान्ह्या पोळ्याला सजवलेल्या विकतच्या बैलाला बक्षीस देतो, तसे एक बक्षीस पोराने स्वतः घडवलेल्या बैलासाठी ठेवा. तो तीन पायांचा असला तरी चालेल. चौथा पाय पुढच्या वर्षी तोच बसवील.