गिनीपिगला रविवारची अंघोळ नको!



अंधेरी-बोरिवलीत काय किंवा घाटकोपर-मुलुंडला काय, एखाद्या गॅलरीत गिनीपिगचा पिंजरा दिसतो. रविवार आला की आपल्याबरोबर त्यालाही न्हाऊ घालावे, असे घरातल्या मुलांना वाटते. हेतू चांगला आहे. पण माझे स्पष्ट मत असे, की हा लाड त्याच्या जिवावर बेतू शकतो.

कसा, ते गणितानेच पाहू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६००, पण घनफळ १,०००. म्हणजे वस्तू लहान, तर घनफळाच्या मानाने तिचे पृष्ठफळ जास्त. म्हणूनच लहान प्राणी आपल्यापेक्षा लवकर गारठतो.

पूर्ण वाढलेला गिनीपिग साधारण १ किलोचा. त्याच्या दाट केसांत ५० ग्रॅम पाणी राहिले असे धरा. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. म्हणजे एकूण २९,००० कॅलरी! उलट, त्याचे सारे शरीर १ अंशाने थंड झाले, तर १,००० कॅलरीही मिळत नाहीत. वाळण्यासाठी लागणारी काही उष्णता हवेतून मिळते, हे खरे. पण उरलेली कोण देणार? तो बिचारा गिनीपिगच!

तुम्ही म्हणाल, “मुंबईत थंडी कुठे आहे?” बरोबर. पण येथे दमटपणा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, मग ते केस कसे वाळणार? ओलसर कातडीवर बुरशी वाढते आणि असा त्वचारोग प्राण्यापासून आपल्यालाही होऊ शकतो. पंख्याखाली ठेवावे तर गारठा, न ठेवावे तर ओल. दोन्हीकडून तोटाच!

“मग वास येतो त्याचे काय?” वास बहुधा गिनीपिगचा नसतो, मुतलेल्या अंथरुणाचा असतो. गिनीपिग स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवतो. तेव्हा अंघोळ घाला ती पिंजऱ्याला! ओले गवत रोज काढा, पिंजरा धुऊन पूर्ण कोरडा करा.

अंगाला घाण चिकटलीच, तर आधी ओल्या फडक्याने तेवढाच भाग पुसा. तेवढ्याने भागले नाही, तरच टबात जुना पंचा अंथरून दोन बोटे खोल कोमट पाणी घ्या. पंचामुळे पाय घसरत नाहीत. डोके व कान भिजवू नका. आपला साबण, शाम्पू किंवा जंतुनाशक द्रव वापरू नका. मोठ्या माणसाला जवळ बसवा. नंतर टिपून टिपून, मुळापर्यंत कोरडा होईपर्यंत त्याला उबेत ठेवा. केस गळत असतील किंवा कातडीवर खपल्या दिसल्या, तर अंघोळ हा उपाय नव्हे, पशुवैद्यांना दाखवा. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते याचसाठी.

गिनीपिगचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. आपण त्याला आपल्या घरी आणले. आपल्या सवयीही त्याच्यावर का लादाव्यात? येत्या रविवारी बादली घ्या, पण ती पिंजऱ्यासाठी!