स्वातंत्र्याची वसुली

१७८९ साली फ्रान्सने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. परंतु त्याच्याच हैती वसाहतीतील उसाच्या मळ्यांवर राबणारे गुलाम गुलामच राहिले. १७९१ साली त्यांनी बंड पुकारले, गुलामगिरी पुन्हा लादू पाहणाऱ्या नेपोलियनच्या फौजेला पराभूत केले आणि १८०४ साली स्वातंत्र्य घोषित केले. १८२५ साली फ्रान्सने युद्धनौका धाडून माजी मळेवाल्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. रक्कम पुढे ९ कोटींवर आली. पण पहिल्या हप्त्यासाठीच हैतीला पॅरिसच्या सावकारांचे कर्ज काढावे लागले.

२०२५ साली फ्रान्सने या इतिहासाच्या अभ्यासासाठी संयुक्त आयोग जाहीर केला. अभ्यास अवश्य व्हावा. परंतु राबणाऱ्यांनीच राबवणाऱ्यांना भरपाई दिली, हे ठरविण्यास आयोग कशाला हवा? खरा प्रश्न परतफेडीचा आहे.