जुगाड म्हणे!

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत नातवाने लोणी देवकरला आमच्या ओसरीवर बसून रास्पबेरी पायवर रेडिओचा प्रक्षेपक बनवला. पत्त्यांच्या कॅटएवढी पाटी, तिच्या चार क्रमांकाच्या जीपीआयओ पिनेला अँटेनाची तार, बाकी सगळे सॉफ्टवेअर. कोणत्या वारंवारतेवर काय पाठवायचे ते प्रोग्रॅमच ठरवतो. मी थक्क झालो. आणि लगेच म्हणालो, "तार काढ."

तेव्हापासून नातेवाइकांत मी 'हेकट मास्तर' ठरलोय. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, जेमतेम दहा मिलिवॉट! पोराचं कौतुक करायचं सोडून कायदा काय शिकवताय?"

कौतुक आहेच हो. पण 'जुगाड' म्हणून आपण काय काय खपवतो? त्या पिनेतून चौकोनी लहर निघते. ७ मेगाहर्ट्झवर सोडली तरी ती तिप्पट, पाचपट, म्हणजे २१ आणि ३५ वरही उमटते. २१ वर तर मूळ शक्तीचा नववा हिस्सा! आमच्याकडे कॅनॉलच्या पाण्याची पाळी कुणी मोडली तर भावाभावांत बोलणे बंद होते. आकाशातली पाळी मात्र खुशाल मोडावी? ती गळती अडवायला तारेची दोन-तीन वेटोळी आणि चार कॅपॅसिटर पुरतात. त्याला लो-पास फिल्टर म्हणतात. तेवढाही कंटाळा?

"दहा मिलिवॉटने काय होतंय?" असे म्हणणारेच पुढे अभिमानाने सांगतात, की नोबेलविजेते जो टेलर यांनी २००८ साली आणलेल्या 'व्हिस्पर' पद्धतीने एवढ्याच शक्तीचा संदेश हजारो किलोमीटर जातो. जातो, खरे आहे. मग तो वाटेत कुणालाच त्रास देत नाही, हे कसे?

२००४ च्या सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांच्या हॅम केंद्राने अंदमानची खबर बाहेर पोचवली. अशा वेळी तो क्षीण आवाज ऐकू येतो, कारण बाकीचे शिस्तीने गप्प राहतात. ही शिस्त शिकवायलाच दूरसंचार विभागाची हॅमची परीक्षा आणि परवाना आहे.

नातू अजून माझ्याशी धड बोलत नाही. ते लागते मनाला. पण पिनेला सध्या अँटेनाऐवजी ५० ओमचा रोध आहे, आणि परीक्षेला आम्ही दोघेही बसणार आहोत. मराठी माध्यमाचा बी.ए. असून मी या वयात ओमचा नियम घोकतोय!

असो. भाचेबुवा, परवाना आल्यावर तार मीच बांधीन.