दंडाचे माप आणि डोक्याचा हिशेब

अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस व्यावसायिक फुटबॉलसाठी होतकरू खेळाडूंची चाचणी भरते. महाविद्यालयीन मैदाने गाजवलेल्या तरुणांना तेथे धावायला आणि उड्या मारायला लावतात. त्यांची उंची, वजन, इतकेच नव्हे तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीतही मोजतात. ‘क्वार्टरबॅक’च्या जागेसाठी आलेल्यांचा चेंडू किती वेगाने जातो याचीही नोंद होते. क्वार्टरबॅक हा संघाच्या चढाईचा सूत्रधार. चेंडू आधी त्याच्या हाती येतो. तो कोणाकडे फेकायचा हे त्याला साधारण अडीच-तीन सेकंदांत ठरवावे लागते, आणि तेही सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना. या जागेवरच्या माणसाची पारख दंडाच्या ताकदीवर करायची की डोक्याच्या चपळाईवर, हा वाद तेथे अनेक दशके चालू आहे. त्याचे उत्तर खेळापेक्षा विज्ञानाच्या प्रांतात अधिक शोधावे लागते.

दोन उदाहरणे या वादात हमखास दिली जातात. २००७ साली ओकलंड रेडर्स संघाने देशभरातील खेळाडूंमधून पहिली निवड केली ती जामार्कस रसेल याची. गुडघ्यांवर बसूनही तो साठ यार्ड चेंडू फेकतो, अशा कथा तेव्हा सांगितल्या जात. तीन हंगामांत तो २५ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यांपैकी ७ जिंकले आणि २०१० मध्ये संघाने त्याला मोकळे केले. त्याच्या सात वर्षे आधी, २००० साली, टॉम ब्रेडी नावाच्या सडपातळ तरुणाचा क्रमांक १९९वा लागला होता. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पायांत वेग नाही आणि दंडात फारसे बळ नाही, असा पारख्यांचा शेरा होता. या ब्रेडीने पुढे सात वेळा ‘सुपर बोल’ जिंकला आणि वयाच्या ४५व्या वर्षापर्यंत तो खेळत राहिला.

दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण साधे अंकगणित काय सांगते ते पाहू. चेंडू २० मीटरवरील सहकाऱ्याकडे फेकायचा आहे. ताशी ९० किलोमीटर वेगाने फेकला तर तो ०.८ सेकंदात पोहोचेल, ताशी ८० किलोमीटर वेगाने फेकला तर ०.९ सेकंदात. हवेचा रोध सोडून दिला तर फरक एक दशांश सेकंदाचा. सेकंदाला आठ मीटर धावणारा प्रतिस्पर्धी एवढ्या वेळात ८० सेंटिमीटर पुढे सरकतो. ते अंतर क्षुल्लक नाही, कारण तेवढ्यात त्याचा हात चेंडूपर्यंत पोहोचू शकतो. पण कोणाकडे फेकावे हे ठरवायलाच ०.३ सेकंद उशीर झाला, तर तोच प्रतिस्पर्धी जवळजवळ अडीच मीटर सरकलेला असतो. म्हणजे दंडाने कमावलेले डोके तिपटीने घालवू शकते.

हे ‘डोके’ म्हणजे नेमके काय? ते सर्वसाधारण हुशारी नव्हे. चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंवर केलेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. खऱ्या डावातील पट काही सेकंद दाखवला, तर मातब्बर खेळाडू जवळजवळ सगळी मोहरी आठवणीने मांडू शकत असे. नवख्याला मात्र मोजकीच आठवत. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली की मातब्बराची ही आघाडी जवळपास नाहीशी होई. त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. हजारो डावांतून त्याला आकृतिबंध ओळखता येऊ लागले होते. मुरलेला फलंदाजही चेंडू हातातून सुटण्याआधीच गोलंदाजाच्या मनगटावरून आणि खांद्यावरून अंदाज बांधतो. क्वार्टरबॅकचे तसेच. समोरचे अकरा जण त्याला सुटे दिसत नाहीत. त्यांच्या मांडणीतून पुढच्या दोन सेकंदांत कोठे जागा मोकळी होणार, हे त्याला दिसते.

याचा अर्थ दंड निरुपयोगी आहे असा नव्हे. मैदानाच्या कडेला जाणारा लांब फेक, बोचरा वारा, गोठवणारी थंडी अशा वेळी बळ लागतेच. शिवाय बळ असलेल्याला डोके कमावता येत नाही असेही नाही. जॉश ॲलन हा २०१८ साली सातव्या क्रमांकावर निवडला गेला तो मुख्यतः त्याच्या दंडासाठी. महाविद्यालयात त्याचे १०० पैकी जेमतेम ५६ फेक सहकाऱ्यांच्या हाती पडत. २०२० पर्यंत बफेलो बिल्स संघात हे प्रमाण ६९वर गेले आणि २०२४च्या हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याने फेकण्याची शैली घासूनपुसून घेतली, तशीच प्रतिस्पर्ध्याची मांडणी वाचण्याची सवयही. जन्मजात वाटणारे कौशल्य बरेचदा सरावाचे असते, ही यातली आशादायक बाजू.

मग डोकेच मोजावे, हा पुढचा मोह. तोही करून झाला आहे. १९७०च्या दशकापासून या खेळाडूंना ‘वंडरलिक’ नावाची लेखी चाचणी देत. १२ मिनिटे आणि ५० प्रश्न. तिच्या गुणांचा मैदानावरील यशाशी उपयोगी पडेल असा संबंध अभ्यासकांना आढळला नाही. तरी ती २०२२ मध्ये बंद होईपर्यंत दशकानुदशके चालली. तिची जागा घेऊ पाहणाऱ्या संगणकीय चाचण्या नजर आणि प्रतिक्रियेचा वेग मोजतात. २०२३ मध्ये अशाच एका चाचणीचे आकडे बाहेर फुटले. सी. जे. स्ट्राउडचे गुण तळाशी असल्याच्या बातम्या आल्या, तर ब्राइस यंगचे शिखरावर. त्या हंगामात स्ट्राउड सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला आणि यंगच्या संघाला १७ पैकी दोनच सामने जिंकता आले. यंगचा संघ मुळातच दुबळा होता आणि एका वर्षावरून कोणाचाही निकाल लावू नये. पण नेमका तोच निकाल काही मिनिटांच्या चाचणीवरून लावला जात होता.

येथे प्रश्न केवळ खेळाचा उरत नाही. ‘डोक्याने कमी’ हा शिक्का अमेरिकेत कोणावर सहज बसत आला, याचा इतिहास आहे. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकना ‘विचारा’च्या जागेवरून ‘धावण्या’च्या जागेवर हलवण्याची तेथे जुनी रीत होती. वॉरन मून याला १९७८ मध्ये एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात सहा हंगाम खेळला, परतला आणि २००६ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाऊन बसला. लमार जॅक्सनला २०१८ मध्येही जागा बदलण्याचे सल्ले मिळाले. पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम खेळाडू झाला. याहून गंभीर बाब वैद्यकीय आहे. डोक्याला बसलेल्या धक्क्यांपायी स्मृतिभ्रंश झालेल्या निवृत्त खेळाडूंना भरपाई देताना, कृष्णवर्णीयांची बौद्धिक क्षमता मुळातच कमी धरणारे कोष्टक वापरले जात होते. म्हणजे मेंदूची झीज तेवढीच असली तरी त्यांना भरपाईस पात्र ठरणे अवघड. हे कोष्टक बंद करण्याचे आश्वासन संघटनेने दिले ते २०२१ मध्ये, न्यायालयात आव्हान आणि बरीच ओरड झाल्यावर.

तेव्हा दंड की डोके, हा वाद अर्धाच आहे. खरा दोष आहे तो जे सहज मोजता येते त्यालाच महत्त्वाचे मानण्याच्या सवयीत. चेंडूचा वेग यंत्र सांगते आणि चाचणीचे गुण कागद सांगतो. पण दडपणाखाली घेतलेला निर्णय पाहायचा तर खऱ्या सामन्यांची चित्रफीत तासन्‌तास बघावी लागते, चुकीनंतर खेळाडू काय बदलतो हे तपासावे लागते आणि आपल्या अंदाजांचा हिशेब काही वर्षांनी पुन्हा मांडावा लागतो. हे कष्टाचे काम आहे, म्हणून आकडा जवळचा वाटतो. एखादी चाचणी जे मोजते म्हणून सांगते ते ती खरोखरच मोजते का, हा विज्ञानातला पहिला प्रश्न. तो न विचारता लावलेले माप मोजपट्टीचे असो वा बुद्धीचे, त्याची किंमत मोजणारा मोजत नाही. ती मोजला जाणारा माणूस मोजतो, आणि या खेळात तर कधी कधी आपल्या मेंदूने.